एका छपराखालीं
(महोत्सवानिमित्त काठी येथें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें गतकाळाचा गौरव करावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि पुढील पिढीस आशीर्वाद देऊन खालीं बसावें, असा परिपाठ आहे. तो पाळण्यास आमच्याहून अधिक योग्य माणसें या व्यासपीठावर बसलीं आहेत. आम्हांस आज निराळ्याच विषयावर बोलावयाचें आहे. आणि तो विषय महोत्सवाला सोडून नाहीं, एवढें प्रथम दाखविलें पाहिजे.

जुन्या करारांतील लेवीय नांवाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीच्या वर्षाचा नियम दिला आहे. सात वेळां सात वर्षें मोजून झालीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, ज्याची जमीन गरिबीपायीं दुसऱ्याकडे गेली असेल त्याला ती परत मिळावी, जो परक्याच्या दारीं राबत असेल त्यानें आपल्या कुटुंबाकडे परत जावें, अशी ती आज्ञा आहे. ज्या शब्दाचा अर्थ आपण पताका, बँड आणि जेवणावळ असा समजून चालतों, त्याच्या मागचा मूळ हेतु घरीं परतणें हा आहे. तेव्हां ज्याला परतावयास घरच नाहीं त्याची आठवण ज्युबिलीच्या दिवशीं काढावयाची नाहीं, तर मग केव्हां काढावयाची?

घर सोडणें आणि घरीं परतणें या दोन गोष्टी काठीच्या लोकांस बाहेरच्यानें येऊन समजावून सांगाव्यात, असें मुळींच नाहीं. दिवाळी उलटली कीं सातपुड्याच्या कुशींतील हीं गांवें ओस पडूं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं गुजरातेंत सुरत-बारडोलीकडे उसाच्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, असा तेथला हिशेब आहे. माणसांची मोजदाद हत्याराच्या नांवानें होते, आणि त्याचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. गांवाबाहेरच्या माळावर किंवा शेताच्या कडेला पडाव पडतो. कामट्यांवर प्लॅस्टिकचा कागद ताणला कीं झालें घर. त्या कागदाखालीं थंडी काढावयाची, तेथेंच चूल, तेथेंच बाळंतपण, तेथेंच आजार. होळीच्या वेळीं मात्र ज्याला म्हणून शक्य आहे तो कोठूनहि काठीची वाट धरतो. राजवाडी होळीचा उंच बांबू पहाटे पेटतो, तेव्हां रात्रभर डोंगर तुडवीत आलेल्या त्या हजारों माणसांत फडावरून परतलेलीं किती असतात, हें आपणांपैकीं प्रत्येक जण जाणतो. त्यांतलीं कांहीं पुन्हां फडावर जातात.

याच अक्कलकुवा तालुक्यांतील मणिबेली १९९३ सालीं सरदार सरोवराच्या पाण्याखालीं जाऊं लागली. तेव्हां बाहेरून आलेले कांहीं तरुण तेथें भाषण करून परत गेले नाहींत. ते गांवकऱ्यांच्या झोपडींत राहिले, आणि नर्मदेच्या कांठावर ज्या जीवनशाळा उभ्या राहिल्या त्यांतले शिक्षक मुलांबरोबरच राहिले. त्या चळवळीविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. पाहुणा येणें वेगळें आणि राहावयास येणें वेगळें, हें या डोंगरांना तेव्हांपासून ठाऊक आहे. म्हणून बेघर म्हणजे मुंबईच्या पदपथावर निजलेला कोणी परका, अशी समजूत निदान येथें तरी कोणी करून घेऊं नये.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. निराधारांच्या घरांत स्वतः जाऊन राहणारे, पगार न घेणारे असे स्वयंसेवक दिवसभर करतात तरी काय, असें विचारणारे तरुण आम्हांस नेहमीं भेटतात. त्यांच्या मनांत दोन चित्रें असतात. एकांत संताच्या डोक्याभोंवतीं तेजोवलय असतें, दुसऱ्यांत घाण आणि रोगराई. प्रत्यक्षांत तेथें बहुतेक वेळ कांदे चिरण्यांत आणि भांडीं घासण्यांत जातो.

ज्या चळवळीनें हा मार्ग आपल्या काळांत पुन्हां मोकळा केला ती अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं निघाली. १९२९ सालीं तेथील शेअरबाजार कोसळला आणि पुढील दोन-तीन वर्षांत लक्षावधि कामकरी रस्त्यावर आले. पीटर मॉरिन (१८७७–१९४९) हे फ्रान्समधील एका शेतकरी कुटुंबांत जन्मलेले गृहस्थ. अंगावर एकच सुरकुतलेला कोट, खिशांत पुस्तकें, आणि भेटेल त्याच्याशीं बोलत राहण्याची हौस. डोरोथी डे (१८९७–१९८०) ह्या वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्या बाई. तरुणपणीं समाजवादी मंडळींत वावरलेल्या, तुरुंग पाहिलेल्या, एका मुलीची आई झालेल्या, आणि १९२७ च्या डिसेंबरांत कॅथॉलिक झालेल्या. १९३२ च्या डिसेंबरांत या दोघांची गांठ पडली. १ मे १९३३ रोजीं युनियन स्क्वेअर नांवाच्या चौकांत कामकऱ्यांच्या मेळाव्यांत ‘कॅथॉलिक वर्कर’ हें पत्र प्रथम विकावयास आलें; किंमत एक सेंट. प्रत्येक गांवीं आतिथ्यगृह असावें असें मॉरिन त्या पत्रांतून सांगूं लागले, आणि मौज ही कीं, तें वाचून निराधार माणसें खरोखरच दारांत येऊन उभीं राहिलीं. लिहिणाऱ्यांस मग घर भाड्यानें घेणें भाग पडलें. लेख आधीं आणि घर मागाहून, असा हा प्रकार. आज अशीं शंभराहून अधिक घरें जगांत आहेत.

अशा घरांतला दिवस पहाटे अंधारांतच सुरू होतो. मोठमोठ्या पातेल्यांत भाज्यांची पातळ आमटी शिजत घालावयाची, पाव कापावयाचे, कॉफी उकळावयाची. भाजीपाला बहुधा बाजारांत उरलासुरला मागून आणलेला. त्यांतला सडका वेगळा करण्यांतच तास जातो. बाहेर रस्त्यावर रांग लागलेली असते. दार उघडलें कीं माणसें आंत येऊन बाकांवर बसतात. त्यांना कोणी नांव विचारीत नाहीं, कागदपत्र मागत नाहीं, आणि उपदेशहि करीत नाहीं. ही शेवटची गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. वाटीभर आमटीच्या मोबदल्यांत प्रवचन ऐकविणें ही एक प्रकारची विक्रीच होय, आणि भुकेल्या माणसाला ती विक्री ताबडतोब कळते.

रांग ओसरली कीं भांड्यांचा ढीग. तो उपसून होतो न होतो तों कपड्यांच्या खोलीपुढें माणसें जमतात. देणगीदार कोट पाठवितात, साड्या-झगे पाठवितात. मागणी असते ती मोज्यांना, कारण रस्त्यावर राहणाऱ्याचे पाय ओले राहून कुजतात आणि तेथूनच त्याचें दुखणें सुरू होतें. मग कोणाला इस्पितळांत न्यावयाचें असतें, आणि तेथें त्याच्या शेजारीं तीन तीन तास बसावयाचें असतें, कारण एकटा गेला तर त्याला कोणी हाक मारीत नाहीं. कोणाला न्यायालयांत जावयाचें असतें. कोणाच्या डोक्यांत उवा झालेल्या असतात. मोरी तुंबते. दुपारचें जेवण होतें. एका रात्रीसाठीं म्हणून आलेला म्हातारा आठ वर्षें झालीं तरी गेलेला नसतो. तो बटाटे सोलतो, पत्राच्या अंकांवर पत्ते चिकटवितो, आणि नव्या स्वयंसेवकाला तुझें सोलणें जाड होतें म्हणून रागें भरतो. काळ जातो तसा यजमान कोण आणि पाहुणा कोण, हें बाहेरच्या माणसाला ओळखूं येईनासें होतें. संध्याकाळीं ज्यांना यावयाचें ते प्रार्थनेला येतात. शुक्रवारीं रात्रीं सभा भरते, वाद होतो, आणि घरांतल्या पाहुण्यांतील एखादा सर्वांत मोठ्यानें बोलतो.

त्यानंतर रात्र होते, आणि आमच्या मतें खरी सेवा येथून पुढें आहे.

दिवसा येऊन सेवा करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्यावांचून एकहि संस्था चालणार नाहीं. परंतु जो संध्याकाळीं हात धुऊन आपल्या घरीं जातो, त्याला त्या माणसाची भूक कळते, त्याची रात्र कळत नाहीं. अमका दोन वाजतां खोकतो, तमकी अंधारांत घाबरून उठते आणि दाराची कडी तीनदां तपासते, तिसऱ्याला झोपेंत आपल्या मेलेल्या भावाशीं बोलण्याची संवय आहे, हें एका छपराखालीं निजल्यावांचून कोणाला समजत नाहीं. आणि याची उलट बाजूहि आहे. तेथें राहणारा स्वयंसेवक पाहुण्यांनाहि दिसतो: सकाळचा चिडलेला, दाढी न केलेला, घरच्या पत्राची वाट पाहणारा. ज्याच्यावर उपकार झाला त्यालाच उपकार करणाऱ्याची कींव येऊं लागते. ती आली म्हणजे, आम्ही समजतों, कीं आतां हें घर झालें.

रात्रीं दाराची घंटा वाजते. बिछाने भरलेले असतात. बाहेर बर्फ पडत असतें. त्या दिवशीं घर ज्याच्या हातीं असेल त्यानें दार उघडावयाचें आणि समोरच्या माणसाला जागा नाहीं असें सांगावयाचें, कीं जेवणघराच्या बाकावर आणखी एकाला निजवावयाचें आणि सकाळीं इतरांचीं बोलणीं ऐकावयाचीं, हें त्यालाच ठरवावें लागतें. कधीं दारांतला माणूस दारू पिऊन आलेला असतो, आणि गेल्या आठवड्यांत त्यानेंच कोणाचे तरी बूट चोरलेले असतात. वीस-बावीस वर्षांचा मुलगा अशा वेळीं काय करतो? कधीं आंत घेतो, कधीं नाहीं म्हणतो. आणि नाहीं म्हटलें त्या रात्रीं त्याला झोंप लागत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत सांपडत नाहीं. डोरोथीबाईंनीं जवळजवळ अर्धें शतक हा संसार केला, पण तो सोपा आहे असें त्यांनीं कोणाला सांगितलें नाहीं. आपल्या आयुष्यावर त्यांनीं १९५२ सालीं पुस्तक लिहिलें. त्याच्या नांवांतच दीर्घ एकाकीपणाचा उल्लेख आहे.

तेव्हां जाऊं इच्छिणाऱ्यांस आम्ही स्पष्ट सांगतों: वासाची संवय आठ दिवसांत होते, भांडणांची होत नाहीं. आभार मानले जातील अशी अपेक्षा ठेवूं नये. मानले गेले तर तो सण समजावा. पुष्कळ जण कांहीं महिन्यांनीं परत जातात, आणि त्यांत लाज मानण्यासारखें कांहीं नाहीं. परत जाणारा जन्मभर रस्त्यावरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहूं शकतो, हाच त्याचा लाभ. आठवड्यांतून एक दिवस मात्र सुटी घ्यावी. जो घेत नाहीं तो थोड्याच दिवसांत पाहुण्यांवर खेंकसूं लागतो.

या घरांच्या हिशेबाविषयीं दोन गोष्टी सांगतों, कारण आपल्या महोत्सव समितींतील हिशेबनीस मंडळींना त्या आवडतील. १९५६ सालीं आगीसंबंधींचे नियम पाळले नाहींत म्हणून न्यायालयानें डोरोथीबाईंना २५० डॉलर दंड केला. सकाळीं दारापाशीं कपडे मागणाऱ्यांचा घोळका उभा होता. त्यांतून एक गबाळा इसम पुढें आला आणि दंडासाठीं म्हणून त्यानें एक कागद त्यांच्या हातांत ठेवला. त्यांना वाटलें, अडीच डॉलर असतील. मागाहून पाहतात तों पुरे २५० डॉलरांचा चेक, आणि देणारा कोण, तर प्रख्यात कवि ऑडेन! दुसरी गोष्ट १९६० ची. नगरपालिकेनें त्यांची जागा सरकारी कामासाठीं घेतली होती आणि पैसे देण्यास विलंब लागला म्हणून व्याजाचे ३,५७९ डॉलर ३९ सेंट वेगळे धाडले. घरांत उधारी असतांहि बाईंनीं तें व्याज परत केलें. पैशानें पैसा मिळवणें ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणीस धरून नाहीं, असें त्यांचें म्हणणें. हें अर्थशास्त्र आम्हांस सर्वस्वीं पटतें असें नाहीं. पण तो चेक परत पाठवितांना त्या घरांत काय चर्चा झाली असेल, तें ऐकावयास आम्ही आनंदानें गेलों असतों.

पीटर मॉरिन १९४९ सालीं वारले तेव्हां त्यांना दान मिळालेल्या कपड्यांत, दान मिळालेल्या जागेंत पुरलें. डोरोथीबाई १९७० सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि कलकत्त्यास मदर तेरेसांना भेटल्या. पुढें १९८० च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कमधल्या त्यांच्याच एका घरांत, निराधार स्त्रियांच्या शेजारच्या खोलींत त्यांचा अंत झाला. त्यांना संत म्हणून घोषित करण्याचें कार्य २००० सालापासून सुरू आहे.

हें सर्व दूरदेशचें झालें असें कोणी म्हणेल. महाराष्ट्रांत काय आहे? मुंबईस भायखळ्याला मदर तेरेसांच्या भगिनींचें ‘आशादान’ १९७६ पासून आहे, हें आपणांस ठाऊकच असेल. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. मुंबईंत एका खानावळींतून बाहेर पाहतांना त्यांना रस्त्याकडेला एक विस्कटलेला तरुण नारळाच्या करवंटीनें गटारांतलें पाणी पितांना दिसला. त्यांनीं त्याला उचलून आणून उपचार केले. बरा झाल्यावर कळलें कीं, तो शास्त्रशाखेचा पदवीधर असून त्याचे वडील आंध्रांत चांगल्या हुद्द्यावर आहेत. १९८८ मध्यें त्यांनीं श्रद्धा पुनर्वसन संस्था काढली, पुढें कर्जतजवळ आश्रम उभारला, आणि २०१८ सालीं डॉ. वाटवानींना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तोंवर सात हजारांहून अधिक माणसें आपापल्या घरीं पोहोंचलीं होतीं. कार्यकर्ते आगगाडीनें, एस. टी. नें, शेवटीं पायीं चालत, त्या माणसाला त्याच्या गांवीं नेऊन सोडतात. आई ओळखते, कधीं ओळखत नाहीं. लेवीय ग्रंथांतली ज्युबिली म्हणतात ती आम्हांस या प्रवासांत दिसते.

आणि अहमदनगर, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यांत डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे हे जोडपें आहे. रस्त्यावर भ्रमिष्ट होऊन फिरणाऱ्यांना ते आधीं घरचे डबे नेऊन देत. डबा पोंचवून घरीं परतलें तरी, त्यांतल्या बायांची रात्र कशी जाते, हा प्रश्न कांहीं सुटेना. म्हणून ‘माउली’ नांवाचें घर निघालें. तेथें त्यांना आंघोळ घालणें, गुंता झालेले केस कापणें, जखमांतल्या अळ्या काढणें, औषध देणें हें रोजचें काम. आणि ज्या बऱ्या होतात त्या इतरांचें करूं लागतात. धामणे कॅथॉलिक नाहींत, वाटवानीहि नाहींत. शुभवर्तमानांतला शेवटच्या न्यायाचा प्रसंग आपण दर तीन वर्षांनीं ख्रिस्तराजाच्या सणाला ऐकतों. तेथें उजवीकडे उभे राहिलेल्यांना आपण कोणाची सेवा केली हें ठाऊकच नसतें.

आतां काठीविषयीं, आणि मग आम्ही बसतों.

मॉरिन यांचें एक मागणें असे. मोठीं घरें शहरांतून निघोत न निघोत, प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानें आपल्या घरांत एक खोली पाहुण्यासाठीं राखून ठेवावी. तिला ते ख्रिस्ताची खोली म्हणत, आणि ही चाल ख्रिस्तसभेच्या आरंभींच्या काळांतली आहे, असें सांगत. येथें एकाच खोलीचें घर असतें, त्यांत माणसें आणि कोंबड्या दोन्ही. तेव्हां प्रत्येकानें खोली राखावी असें सांगणें ही थट्टा होईल. परंतु दिवाळीनंतर कोयत्याची जोडपीं निघून गेलीं कीं मागें काय उरतें, तें पाहा. चालतां न येणारीं म्हातारीं माणसें आणि शाळेसाठीं ठेवलेलीं मुलें. कोणाचे डोळे गेलेले, कोणाला पाणी आणावयास झऱ्यापर्यंत उतरतां येत नाहीं. त्यांना छप्पर आहे. त्या छपराखालीं दुसरें कोणी नाहीं. दिवसा शेजारीण भाकर ठेवून जाते. रात्रीं काय?

आम्ही स्वतःच गरीब, आम्ही कोणाला काय देणार, असें कांहींनीं आम्हांस बोलून दाखविलें आहे. न्यूयॉर्कच्या त्या घरांत बटाटे सोलणारा म्हातारा याहून श्रीमंत नव्हता. येथें मागणी पैशाची नाहीं. महोत्सवाच्या निधींतून दर्शनी कमान उभारावी, असा एक विचार समितीपुढें आहे. कमानीला आमचा विरोध नाहीं, पण ती एक वर्ष थांबली तर कोसळणार नाहीं, कारण ती अजून उभीच नाहीं. (हंशा) मंदिराच्या मागची धान्याची खोली दिवाळी ते होळी रिकामीच असते. तिच्यांत एक चूल, चार खाटा, आणि पाळीनें तेथें निजणारे दोन तरुण किंवा दोन मुली, एवढेंच आमचें मागणें आहे. जीं म्हातारीं माणसें येऊं इच्छितील त्यांनीं यावें. कोणत्या देवाला मानतात हें त्यांना विचारूं नये, याहा मोगीला मानणारी आजी तेथें आली तर तिनें आपल्या देवीचें नांव घेऊनच निजावें. तरुणांनीं रात्रीं तेथें राहावें, पहाटे पाणी आणावें, ज्वारीची भाकर नि डाळ रांधावी, आणि मग आपापल्या कामाला जावें. पडावावरून आलेला निरोप म्हाताऱ्यांना वाचून दाखविणें व त्यांचा निरोप तिकडे पोहोंचविणें हें कामहि तेथल्या माणसानेंच करावयाचें. आम्हांस वाटतें, भाकरीपेक्षां त्याचीच वाट अधिक पाहिली जाईल. होळीला माणसें परत आलीं कीं खोली पुन्हां धान्याची.

पूज्य फादरांची संमति आहे. खोलीचें कौल दोन ठिकाणीं फुटलें आहे, तें या आठवड्यांत बदलतील. चार घोंगड्या, एक तवा आणि सौरदिवा मिळाला आहे. खाटा दोनच आहेत, पाण्याचा रांजण नाहीं, तो कोणी मोलगीच्या बाजारांतून आणील तर बरें. पहिल्या पंधरवड्याच्या रात्रीं कोणीं घ्यावयाच्या हें सभा संपल्यावर त्या चिंचेखालीं ठरवूं. ज्यांना यावयाचें त्यांनीं जेवणाआधीं यावें, जेवणानंतर कोणी थांबत नाहीं, हा आमचा अनुभव आहे.